थोरला बरा झाला म्हणजे कांजिण्या गेल्या असं समजू नका

होळीच्या मागेपुढे इंदूरच्या आमच्या रामबागेत कुणा ना कुणाकडे कांजिण्या निघतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे निघाल्या. शेजारच्या काकूंनी दारातूनच बजावलं, 'छोटी माता निकली है, छौंक मत लगाना।' फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. पाच वर्षांचा थोरला एका खोलीत, अडीच वर्षांची धाकटी आजीजवळ. आता काळजी नाही, असं मला वाटलं.

तिथेच चुकलं. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होत असते, आणि त्या दोन्ही रात्री भावंडं एका पांघरुणात झोपली होती. हा विषाणू हवेतून जातो, फोडांतल्या पाण्यातूनही जातो. कांजिण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या दहा माणसांपैकी घरातल्या घरात साधारण नऊ जणांना तो गाठतो. शिवाय घरातल्या दुसऱ्या मुलाला बरेचदा जास्त फोड येतात, कारण त्याचा सहवास दिवसरात्रीचा असतो.

खरं तर पहिला फोड दिसला त्याच दिवशी धाकटीसाठी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ही लस राष्ट्रीय मोफत लसीकरणात नाही. ती विकत घ्यावी लागते, म्हणून कित्येक घरांत राहूनच जाते. आमच्याकडेही राहिली होती.

दिवस मोजायला मात्र विसरू नका. थोरल्याच्या खपल्या आठवड्यात सुकल्या, धाकटी खेळत होती, आणि आपण सुटलो असं सगळ्यांनीच धरलं. संपर्कानंतर कांजिण्या १० ते २१ दिवसांनी दिसतात, बहुधा १४ ते १६ दिवसांनी. पंधराव्या दिवशी मी धाकटीला नात्यातल्या बारशाला नेलं. दुसऱ्या दिवशी केस विंचरताना तिच्या कानामागे मोहरीएवढा, पाण्याने भरलेला फोड दिसला. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. काही ठिकाणी नुसते लाल ठिपके होते, काही ठिकाणी फोड, आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्या शेजारीच खपल्या. त्या रात्री बाळाच्या आईला फोन करताना माझे हात कापत होते. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, त्यामुळे बाळाला तिच्याकडून काही संरक्षण मिळालेलं होतं. तरी डॉक्टरांनी बाळावर तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं. बाळाला काही झालं नाही, पण ते तीन आठवडे मी विसरलेले नाही. थोरल्याच्या पहिल्या फोडाची तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचे तीन आठवडे धाकट्याला तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब ठेवा.

'एकदाच होऊन जाऊ दे, आयुष्याची प्रतिकारशक्ती येईल' म्हणत मुद्दाम एकत्र झोपवणारेही आहेत. एकदा झाल्या की बहुतेकांना पुन्हा होत नाहीत, हे खरं. पण विषाणू शरीराबाहेर जात नाही, मज्जातंतूंत दबून राहतो आणि पुढे मोठेपणी नागीण होऊन उठू शकतो. त्या नागिणीच्या फोडांतूनही नातवंडाला कांजिण्या होऊ शकतात. कोणत्या मुलाला न्यूमोनिया होईल किंवा मेंदूला सूज येईल, हे आधी कळत नाही. जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांचा तीन वर्षांचा मुलगा १९६४ साली कांजिण्यांनी गंभीर आजारी पडला होता. त्यांनी पुढे १९७४ मध्ये लस तयार केली. मुलाचे असे हाल ज्याने पाहिले, तो 'होऊन जाऊ दे' म्हणणार नाही.

फोडणी न घालण्याने काही बिघडत नाही, वरणभात मुलांना तसाही चालतो. आंघोळ मात्र बंद करू नका. कोमट पाण्याने अंग धुवा, रगडू नका, नखं कापा, खाजेवर कॅलामाइन लावा. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळा. सगळ्या फोडांवर खपली धरली की शाळेत पाठवता येतं, खपल्या गळण्याची वाट पाहायला नको.

ताप चार दिवसांनंतरही उतरत नसेल, फोडाभोवती लाली पसरून दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा मूल गुंगीत असेल, तर शीतला सप्तमी उलटण्याची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.