निवडणुकीआधी ख्रिस्ती घरानं मनाची तयारी कशी करावी

उमेदवाराचा माणूस दारात उभा राहून "बाय, कितेंय जाय जाल्यार सांग" (काहीही हवं असेल तर सांग) म्हणतो, तेव्हा उत्तर शोधायला बसायला वेळ नसतो. ते आधीच ठरलेलं हवं. मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यातल्या सासष्टीत आले. आमच्या वाड्यावरच्या प्रार्थना गटात दर निवडणुकीआधी ही तयारी करून घेते. गोव्यात आमदार 40, मतदारसंघ एवढेसे. उमेदवार आपल्याला नावानं ओळखतो आणि आपलं काय अडलंय हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून सुरुवात स्वतःपासून. घरातल्या प्रत्येकानं एकट्यानं बसून वहीत लिहायचं: काय गेलं तर मी देवाशीच भांडेन? 'पैसा', 'मान' असं मोघम लिहू नका. मुलाची सरकारी नोकरी, मागल्या बाजूला परवान्याशिवाय वाढवलेली खोली, भातशेतीला हवी असलेली सनद (शेतजमीन बिगरशेती करायचा परवाना), मामलेदाराकडे पडून असलेली मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याची) केस, पोर्तुगीज पासपोर्टचे कागद. जे असेल ते नेमकं लिहा. लिहिताना हात जिथे अडखळतो, तिथे खूण करा. आपल्याला विकत घ्यायचं तर तिथूनच घेता येतं.

मग त्या यादीचे दोन भाग करा, एक हक्काचा आणि एक मेहेरबानीचा. नळजोडणी, रेशन कार्ड, रखडलेली पेन्शन हे हक्काचं. त्यासाठी अर्ज करा, पोचपावती घ्या, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार वापरा. 30 दिवसांत माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे. हक्काच्या गोष्टीसाठी कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. मेहेरबानीच्या भागातलं मात्र रात्रीच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) देवापुढे ठेवायचं आणि "हे नाही मिळालं तरी चालेल" असं मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या रात्री ते खरं वाटणार नाही. तरी म्हणत राहा. जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसनं आपल्या माणसांना रोज आत्मपरीक्षण करायला लावलं ते याचसाठी: मन कशाला बांधलं गेलंय हे कळल्याशिवाय देव काय सांगतो ते ऐकूच येत नाही.

वाचनासाठी बायबलातले दोन उतारे पुरेत. लूक, अध्याय 4: सैतान येशूला जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि नमन केलंस तर सगळा अधिकार तुझा, म्हणतो. येशूनं तो अधिकार चांगल्या कामासाठीसुद्धा घेतला नाही. दुसरा 1 राजे, अध्याय 21, नाबोथाचा द्राक्षमळा. हा सावकाश वाचा. अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी ती जमीन हवी असते. वाडवडिलांचं वतन म्हणून नाबोथ नकार देतो. ईजबेल राजाच्या शिक्क्यानं पत्रं धाडते, खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाला दगडमार होतो. गटात मी विचारते, पत्रं कुणाला गेली? नाबोथाच्याच नगरातल्या वडीलधाऱ्यांना आणि सरदारांना. त्यांना द्राक्षमळ्यातलं काहीच मिळणार नव्हतं, तरी पत्रात होतं तसंच त्यांनी केलं. त्यांना काय सोडवत नव्हतं? कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक मालकीच्या) जमिनी आणि डोंगरउतार विकले जाताना पाहिलेल्या सासष्टीकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

एक ओढ मात्र यादीत कुणीच लिहीत नाही: आपल्या धर्माचा माणूस सत्तेत हवा. ती मुद्दाम लिहून घ्या. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये ज्यांचं शरीर आहे ते संत फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये इथे आले. पोर्तुगीज अधिकारी 'लुटणे' हे क्रियापद सगळ्या रूपांत चालवतात, असं त्यांनी 1545 च्या पत्रात लिहिलं. आणि त्याच संतानं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, मागितलं. 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते आलं आणि 1812 पर्यंत राहिलं. त्याच शतकात देवळं पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. माझ्या फोंड्याच्या मैत्रिणींच्या घरी ही आठवण अजून आहे, आणि ती असायलाच हवी. एवढ्या मोठ्या संतालाही श्रद्धेच्या पाठीशी राजाचा हात हवासा वाटला, तर आपण किती जपायला हवं! उमेदवार "हांव तुमचोच" (मी तुमचाच) म्हणत गळ्यातला खुरीस (क्रूस) दाखवू लागला तर तेवढ्यावर मत देऊ नका. धर्माच्या नावावर मत मागणं हा कायद्यानंही भ्रष्टाचार आहे. पाद्रींनाही कोणाला मत देऊ असं विचारून अडचणीत टाकू नका. पक्षकार्य आणि सत्तापद त्यांना चर्चच्या कायद्यानं वर्ज्य आहे.

देवापुढच्या शपथेनंही भुलू नका. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. त्यांच्यातल्या निवडून आलेल्या 11 पैकी 8 जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. मला त्यात पक्षांतरापेक्षा खुरसाचा वापर जास्त लागला. उमेदवारानं मागच्या पाच वर्षांत विधानसभेत आणि गावात काय केलं, ते विचारा.

फेस्ताचं (चर्चच्या सणाचं) काय? बँडचे पैसे, फुटबॉल स्पर्धेचा चषक, लादाइनीनंतरचा (वाड्यावरच्या सामूहिक प्रार्थनेनंतरचा) खाना उमेदवार द्यायला तयारच असतो. वाड्याची बैठक निवडणुकीच्या बरीच आधी घ्या आणि ठरवा: लढणाऱ्या कुणाकडूनही पैसे नाहीत, आपल्या माणसाकडूनही नाहीत. घरटी थोडी वर्गणी काढा, हिशेब कपेलाच्या (वाड्यावरच्या छोट्या चर्चच्या) फळ्यावर लावा. बँड लहान आला तरी चालतो.

आता दारातलं उत्तर. पाणी द्या, बसायला सांगा, चांगलं बोला. पाकीट किंवा भेटवस्तू पुढे आली तर हात न लावता म्हणा, "देव बरें करूं, पूण आमकां नाका" (देव भलं करो, पण आम्हाला नको). कारण सांगत बसू नका, कारणावर घासाघीस सुरू होते. काही मागायचंच असेल तर गावासाठी मागा, चारचौघांत मागा: कचरा, नाला, शेताचा बांध.

निकालानंतर वही फेकू नका. ग्रामसभा बहुधा रविवारी असते. मिसा झाली की तशाच तिकडे जा आणि चारचौघांत मागितलेलं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.