हापूसच्या पेटीवरचा केशरी मळका येत होता, तेव्हा

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार काकांच्या पेटीचं लेबल. मागे पानांचा फोटो, वर केशरी अक्षरं. सीएमवायके, म्हणजे निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या छपाईत तो झगझगीत केशरी मिळत नाही, पिवळा-मजेंटा कितीही वाढवा. म्हणून त्याच रंगात आधीच मिसळलेली पाचवी शाई, म्हणजे स्पॉट कलर. पण नमुना आला आणि पानांवरची अक्षरं चिखलात बुडवल्यासारखी. काका म्हणाले, "ह्यो आंबो की फणस?"

फोटोशॉपमध्ये ही पाचवी शाई वेगळ्या स्पॉट चॅनेलमध्ये असते, आणि ती खालच्या चित्रावर चढते; खालचं चित्र आपोआप कापलं जात नाही. चॅनेलची सॉलिडिटी (शाई पडद्यावर किती अपारदर्शक दिसावी ते) १०० टक्के केली तर पडद्यावर झाकल्यासारखं दिसतं, पण ते फक्त दिसण्यापुरतं. छापताना हिरवा खालून डोकावतोच. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

उपाय असा केला: फाइलची एक प्रत बाजूला ठेवली. चॅनेल्समध्ये स्पॉट चॅनेल निवडून सिलेक्ट मेनूतून लोड सिलेक्शन. त्याने अक्षरांचा आकार निवडला जातो. मग मॉडिफाय, काँट्रॅक्ट, एक पिक्सेल, म्हणजे निवड तेवढी आत आक्रसली. म्हणजे कडेला शाया किंचित एकमेकींवर राहतात आणि कागद थोडा सरकला तरी पांढरी रेघ दिसत नाही. बॅकग्राउंड रंग पांढरा ठेवून सीएमवायके चॅनेल निवडला, डिलीट. अक्षरांखालचं हिरवं निघून तिथे पांढरं राहिलं.

मर्ज स्पॉट चॅनेलला हात लावू नका, केशरी चार शायांतच मिसळून पाचवी प्लेट (त्या शाईचा छपाईचा पत्रा) गायब होते. जेपेगही नको, पीडीएफ द्या, आणि चॅनेलचं नाव प्रेसवाल्याच्या शाईच्या नावाशी जुळवून घ्या. पुढच्या नमुन्यात केशरी स्वच्छ उतरला, काकांनी लगेच पेट्यांची ऑर्डर सोडली.