घाटात फोन लागायचा असेल तर

पेठ रोडला निघालेला माणूस भेटला की मी आधी विचारतो, दुसरं सिम कोणाचं आहे? बहुतेक जण पहिल्या सिमच्याच कंपनीचं नाव सांगतात. ‘ऑफर होती.’ मग मी पुढे काही बोलत नाही, स्टेपनीत हवा आहे ना एवढंच विचारतो.

मी ठिबकचे सुटे भाग घेऊन नाशिकहून पेठ, हरसूल, सुरगाणा असा आठवड्यातून दोन-तीनदा फिरतो. बारा वर्षं झाली. उमराळे मागे पडलं की सावळघाट, मग करंजाळी, मग कोटंबीचा घाट, असे पेठपर्यंत साधारण ५५ किलोमीटर. गिरणाऱ्यावरून हरसूलला गेलात तर वाघेरा घाट, त्र्यंबकवरून मोखाड्याकडे उतरलात तर तोरंगण. सगळीकडे तऱ्हा एकच. गावात रेंज असते, वळणात जाते. टॉवर वस्ती बघून उभा करतात, रस्ता बघून नाही. आणि मध्ये सह्याद्रीचा काळा कातळ आला की लहरी पलीकडे जात नाहीत.

निघण्याआधी

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला रेंज लागत नाही, त्यामुळे फोन एअरप्लेन मोडवर असला तरी निळा ठिपका सरकत राहतो. चहा-वडापावसाठी सुटे पैसे ठेवा, यूपीआयच्या भरवशावर राहू नका. टोलची काळजी नको, फास्टॅग वाचणारं यंत्र नाक्यावर असतं, तुमच्या फोनशी त्याचा संबंध नाही.

फोनच्या पाठीवर चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर मिळतात. ते शोभेचे आहेत. बूस्टर नावाची डबी तर घेऊच नका. परवान्याशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे, शिवाय तिच्यामुळे आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. सॅटेलाइट फोनही परवान्याशिवाय चालत नाही.

दुसरं सिम

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं हवं, आणि शक्यतो २जी असलेल्या कंपनीचं. जिओचं जाळं पहिल्या दिवसापासून ४जीवर उभं आहे, त्यांच्याकडे २जी नाहीच. एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएलकडे आहे. हा फरक शहरात कळतही नाही. घाटात त्यावरच सगळं ठरतं, ते पुढे सांगतो.

‘बीएसएनएल घ्या, सगळीकडे चालतं’ हा सल्ला मी शंभरदा ऐकलाय. काही पाड्यांवर तो खरा आहे, काही ठिकाणी साफ खोटा. कोणती कंपनी चांगली हे गावागणिक बदलतं, म्हणून त्या गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, दुधाच्या गाडीवाल्याला विचारा, मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला विचारा. त्यांना रोजचा अनुभव असतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांमुळे आता कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर द्यावा लागतो, तोही बघा. पण नकाशात रंग भरलाय म्हणून वळणावर फोन लागेल असं नाही. आणखी एक बदल कामाचा आहे. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून एकाच टॉवरवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना ४जी देण्याची सोय सुरू झाली. त्यामुळे आतल्या एखाद्या पाड्यावर अचानक तुमचंही सिम जिवंत झालं तर दचकू नका.

सिम घेऊन ड्रॉवरमध्ये टाकू नका. मी तेच केलं होतं. ऐन गरजेला खणातलं सिम फोनमध्ये घातलं, रेंज पूर्ण, आणि बाई गोड आवाजात सांगतेय, तुमच्या रिचार्जची मुदत संपली आहे. ९० दिवस वापरलं नाही तर नंबरच बंद होऊ शकतो. महिन्यातून एकदा त्या सिमवरून घरी फोन लावा.

सेटिंग

५जी बंद करून ४जी ठेवा. घाटात फोन ५जी शोधण्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही घालवतो. व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावायची सोय, चालू आहे ना बघा. ती बंद असेल तर जिओवर कॉल लागणारच नाही. डेटा रोमिंग चालू ठेवा. बस.

घाटात गाडी थांबली की

आता मुख्य गोष्ट. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसहा, सावळघाट. पिकअपचा मागचा पाटा तुटला. गाडी कशीबशी कडेला घेतली. फोनवर दोन रेघा दिसत होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. नाशिकच्या मिस्त्रीला फोन लावला. कट. परत लावला, एकदा रिंग गेली आणि कट. गाडीत बसून मी चाळीस मिनिटं तेच करत होतो. बॅटरी साठवरून वीसवर आली. मागून शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा आले, डोक्यावर इरलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “हितं नाय लागायचा भाऊ. खाली मोरीपाशी जा. आमी समदे तिथनंच लावतो.”

मोरी दीडशे पावलांवर होती. कठड्यापाशी दगडावर बिड्यांची थोटकं पडली होती, म्हणजे खरोखरच लोक तिथे येऊन बोलत असणार. समोर दरी उघडी, लांब एका गावाचे दिवे. पहिल्या कॉलला मिस्त्री लागला.

त्या रात्री मला राग आला तो त्या दोन रेघांचा. नंतर एका टॉवर दुरुस्त करणाऱ्या पोराने समजावलं तेव्हा कोडं सुटलं. रेघा फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातोय का, याबद्दल त्या गप्प असतात. टॉवर मोठा, त्याची ताकद मोठी. ४जीवर तुमच्या फोनची ताकद पाव वॅटही नसते. म्हणजे समोरचा डोंगरावरून हाळी देतोय आणि तुम्ही कुजबुजत उत्तर देताय. शिवाय किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. रेघांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तेव्हापासून पक्कं केलं.

खरा आकडा बघायचा असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग फोनबद्दल, मग सिमची स्थिती, तिथे सिग्नलचा डीबीएममधला आकडा असतो. डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप. तो उणे असतो. ४जीवर उणे ९५ च्या आसपास असेल तर निवांत बोला. उणे ११० ला कॉल तुटत तुटत होईल. उणे १२० ला नाद सोडा, जागा बदला.

जागा बदला म्हणजे काय, यावरही लोक वाट्टेल ते सांगतात. ‘उंचावर जा.’ अहो, उंचावर गेलात आणि मध्ये दुसरी सोंड आली तर उंचीचं काय करायचं? गाव दिसायला हवं, किंवा निदान गावाच्या दिशेची दरी उघडी हवी. घाटातल्या रस्त्याला एका बाजूला कापलेला कडा असतो, दुसऱ्या बाजूला दरी. कड्याला पाठ टेकून फोन लावणारे बघितले की मला हसू येतं. दरीच्या बाजूला या, कठड्याच्या आतच उभे राहा, आणि ज्या दिशेला वस्ती आहे तिकडे तोंड करा, कारण तुमचं स्वतःचं शरीरही सिग्नल अडवतं. रात्री लांबवर टॉवरचा लाल दिवा दिसला तर त्याच्याकडे तोंड. आणि गाडीतून उतरा. पत्र्याच्या डब्यात बसून फोन लावू नका.

चालायचं कुठे? मागे. पुढे नाही. ‘पुढे रेंज येईल’ असं म्हणत अंधारात दोन किलोमीटर चालत गेलेला माणूस मला माहीत आहे, आणि त्याला पुढे काही मिळालं नाही. मागे कुठे फोन शेवटचा वाजला होता, मेसेजची टिंग कुठल्या वळणावर ऐकू आली होती, ते आठवा. ती जागा खात्रीची असते. मी तर आता जाता जाता अशा जागा लक्षात ठेवत जातो. अमुक मोरी, तमुक देवीचं देऊळ, हॉटेलचं पत्र्याचं शेड. आणि कोणी गावकरी भेटला तर ‘रेंज कुठं येते?’ एवढं विचारा. प्रत्येक पाड्याची एक रेंजची जागा ठरलेली असते. त्यांना डीबीएम माहीत नसतो, दगड माहीत असतो.

जागेवर पोचलात की लगेच फोन लावू नका. आधी एअरप्लेन मोड चालू करा, दहापर्यंत मोजा, बंद करा. बराच वेळ रेंज नसली की बॅटरी वाचवायला फोन टॉवर शोधणं कमी करतो. एअरप्लेन मोड बंद केला की तो सगळं नव्याने शोधतो. पूर्ण रीस्टार्ट केला तरी तेच होतं, फक्त दोन मिनिटं जास्त जातात.

आणि आता ते २जी. एवढं करूनही कॉल लागला नाही तर दुसऱ्या सिमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जा आणि पसंतीचं नेटवर्क ‘फक्त २जी’ करा. हसू नका. ९०० मेगाहर्ट्झच्या २जीवर हाच फोन बोलताना एकेका ठोक्याला २ वॅटपर्यंत ताकद लावू शकतो, ४जीच्या जवळजवळ दसपट. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतातही. नेट चालणार नाही, पण तेव्हा तुम्हाला रील बघायची नसते, मिस्त्री हवा असतो. काही फोनमध्ये हा पर्याय दिसतच नाही. म्हणून घरीच बघून ठेवा, घाटात विजेरी तोंडात धरून सेटिंग शोधायची वेळ आणू नका.

तरी नाही लागला? साधा एसएमएस करा. व्हॉट्सअॅप नाही, साधा. कॉलला सलग दोन्ही बाजूंचा सिग्नल लागतो, एसएमएसला क्षणभर पुरतो. एका ओळीत लिहा: गाडी बंद, सावळघाट, करंजाळीकडे जाताना, मैलाच्या दगडावरचा आकडा. ‘कॉल कर’ असलं काही लिहू नका, तुम्हाला कॉल येणार नाहीये.

मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं चालू करा. रेंज कमी असली पण पूर्ण गेलेली नसली की फोन टॉवरशी बोलायला पूर्ण ताकद लावत राहतो, माझे चाळीस टक्के तसेच गेले होते.

एक राहिलं. पावसात रेंज गेली की सगळे ढगांना शिव्या देतात. बऱ्याचदा ढगांचा दोष नसतो. वादळात लाईट जाते, टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं की टॉवर मुका. म्हणून आदल्या रात्री पेठ-सुरगाण्याकडे जोराचा पाऊस झाला असेल तर नेहमीच्या रेंजच्या जागाही धरून चालू नका.

गुजरातची हद्द

पेठच्या पुढे धरमपूरकडे उतरलात किंवा सुरगाण्याकडून सापुताऱ्याला गेलात तर सर्कल, म्हणजे मोबाइल कंपन्यांचा विभाग, बदलतं. नेटवर्क निवड ‘आपोआप’ वर हवी. मी एकदा पेठला हाताने नेटवर्क निवडलं आणि विसरलो. पुढे धरमपूरपर्यंत फोन मेलेला, आणि मी रस्ताभर कंपनीला शिव्या घालत होतो.

समृद्धीचा बोगदा

इगतपुरीजवळचा तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा. आत जीपीएसही मिळत नाही, म्हणून कुठे उतरायचं ते आत शिरण्याआधीच बघून घ्या.

११२

स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसलं की लोक फोन खिशात टाकतात. चूक. त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कोणाचा तरी आहे, आणि ११२, म्हणजे आपत्कालीन मदतीचा नंबर, त्याच्यावरून लागतो. अपघात असेल तर वेळ न घालवता तोच लावा. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आणि रुग्णवाहिकेची १०८ चांगल्या आहेत, पण स्वतःच्या सिमची रेंज असेल तेव्हा. ‘सेवा नाही’ दिसलं तर मात्र ११२ ही लागणार नाही. तेव्हा येणाऱ्या एसटीला हात करा, ड्रायव्हरजवळ चिठ्ठी द्या, तो पुढच्या गावातून फोन लावेल. मी दोनदा दिली आहे, दोन्हीदा निरोप पोचला.

घरच्यांना काय सांगायचं

‘पोचलो की फोन करतो’ एवढं पुरत नाही. आमच्या घरी ठरलेलं आहे: निघताना उमराळ्यातून मिस कॉल, पेठला पोचलो की एक. साडेसातपर्यंत दुसरा आला नाही तर बायको करंजाळीच्या दुकानदाराला फोन लावते, मला नाही. माझा लागत नाही हे तिला माहीत असतं. तो दुकानाच्या पायरीवर येऊन विचारतो, पांढरी पिकअप वर गेली का रे कुणी बघितली? नाशिकला परत आलात की ५जी चालू करायला विसरू नका, मी कायम विसरतो.