जास्त फॅटचा डाएट? आधी आणि नंतर लिपिड प्रोफाइल करा

वजन उतरवण्यासाठी कीटोसारखा भरपूर फॅटचा आहार सुरू करणार असाल, तर त्याआधी एकदा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. अशा आहारात वजन घटतं, बऱ्याच जणांचे ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली एक प्रकारची चरबी) खाली येतात, आणि माणूस खूश होतो. पण काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, त्याच काळात झपाट्याने चढतं, आणि ते अंगावर कुठेच दिसत नाही.

कारण यकृतात आहे. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. आहारात संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त झाली की हे रिसेप्टर कमी होतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं, धमनीच्या अस्तरात शिरतं आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. दुखत काहीच नाही. रिपोर्टमध्ये एलडीएल १९० (mg/dL) किंवा त्याहून जास्त आलं, तर आहार कितीही आवडता असो, डॉक्टरांना गाठा.

पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं पाहून भुलू नका. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच (जाहिरातवाल्यांची गंमत!). मागची ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ वाचा. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने ती २२ ग्रॅमच्या आत ठेवावी. पाम आणि खोबरेल तेलात ही चरबी बरीच असते; लोणी-चीजऐवजी शेंगदाणे, अक्रोड, करडई किंवा ऑलिव्ह तेल घेतलं, तर फॅट तेवढंच राहूनही एलडीएल उतरू शकतं.