ऑकलंडला येताय? आधी नारळाचं बोलू

दर सेमिस्टरला नवी मुलं विचारतात, "ताई, किती तास लागतात?" मुंबई ते ऑकलंड अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर. पण थेट विमान नाही. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, पुढे दहा, मधलं ताटकळणं धरून अठरा-वीस तास कुठे गेले नाहीत. परतताना वारा समोरून असतो, म्हणून सिंगापूरपर्यंतच तासभर जास्त. दोहामार्गे स्वस्त मिळालं तर आधी नकाशा बघा: उलटं पश्चिमेला जायचं आणि मग सोळा तास एकाच खुर्चीत. सिडनीमार्गे असेल तर भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. फुकट असतो, पण आधी काढावा लागतो. माझ्या एजंटने चकार शब्द काढला नव्हता.

आता नारळ. २०१६ साली निघताना आईने ओटी भरली आणि ओटीतले तांदूळ-नारळ माझ्या नकळत बॅगेत, साडीच्या घडीत सारले. इथे उतरल्यावर भरायच्या कार्डावर 'खाण्याचं काही आहे का?' याला मी झोपेतच 'नाही' अशी खूण केली. एक्स-रेत तो गोल गरगरीत नारळ असा दिसला म्हणता! तपासणीच्या बाई शेवटपर्यंत गोड हसत होत्या. हसत हसतच ४०० डॉलरचा दंड लावला. माझ्या खोलीचं दोन आठवड्यांचं भाडं गेलं. "मला माहीत नव्हतं" हे इथे चालत नाही. बॅग तुमची, जबाबदारी तुमची.

म्हणून बॅग स्वतः भरा, आणि आईने भरलीच तर विमानतळावर निघण्याआधी एकदा उपसा. लाडू, मसाले, लोणचं, विमानात मिळालेलं सफरचंद, चिखलाचे बूट, सगळं जाहीर करा. जाहीर केलेलं काढून घेतलं तरी दंड होत नाही. "कोणी बघत नाही गं" म्हणणारे आपलेच लोक ग्रुपवर भेटतील. त्यांचं ऐकू नका, दंड भरायला ते येत नाहीत. डिक्लरेशन आता ऑनलाइन भरता येतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

वेलिंग्टन किंवा ख्राइस्टचर्चला जायचं असेल तर सामान ऑकलंडलाच उचलावं लागतं. डोमेस्टिक टर्मिनल वेगळ्या इमारतीत, दहा मिनिटं चालत. मध्ये तीन तास तरी ठेवा.

खोलीची तारीख नीट मोजा. सोमवारी रात्री निघालात की मंगळवार वाटेतच संपतो. इथलं घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे, सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेसात. पहिले काही दिवस रात्री अकराला अंथरुणावर पडाल, पण अंगाला दुपारचे साडेतीनच वाटत असतात. आणि घरी सांगून ठेवा, जेवणं उरकून रात्री नऊला फोन करू नका. तेव्हा इथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. माझी आई अजून करते.