ठराव असा लिहा की तालुक्याहून परत येणार नाही

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावाची मी पाच वर्षं सरपंच होते. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, हे सगळं प्रशिक्षणात घोकून आले होते. वाटलं, आता गावचं गावात. पहिलं वर्ष तालुक्याला हेलपाटे घालण्यात गेलं. नव्या सरपंच-सदस्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधी पैशाची वाटणी बघा. माझ्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. गावाला शाळेची भिंत हवी असेल तर ती उरलेल्या ४० टक्क्यांतूनच व्हायची. खऱ्या अर्थानं आपला पैसा म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. ती मागायला जाण्याआधी स्वतःची भरा. मागणीचं बिल मिळून तीन महिन्यांत भरली नाही तर सदस्यपदच जाऊ शकतं, आणि सरपंचाचीच थकलेली असेल तर दारात उभं कोण करील?

मग ग्रामसभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तो. आमच्याकडे २ ऑक्टोबरच्या सभेला द्राक्षाच्या गोडी छाटणीची धांदल, अख्खं गाव बागेत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. झालं, बारा डोकी गावाचा वर्षाचा आराखडा ठरवून मोकळी! म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर उरकू नका. आम्ही ती रात्री जेवणं आटोपल्यावर मारुतीच्या सभामंडपात घ्यायचो. कोणता व्हॉल्व्ह गळतो आणि कोणत्या आळीला पाणी शेवटी पोहोचतं, हे तिथं दहा मिनिटांत कळतं. ती यादी आराखड्यात घाला. आराखड्यात नसलेल्या कामावर आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही, मग कितीही ठराव करा.

आता ठराव. आमचा पहिला असा होता: ‘गावात पाण्याची सोय करण्यात यावी, सर्वानुमते मंजूर.’ असल्या कागदाचं शाखा अभियंता तरी काय करणार? फाइल तीनदा परत आली. शेवटी मी टेप घेऊन रस्त्यावर उतरले, एक टोक शिपायाच्या हातात दिलं आणि लिहिलं: ‘पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत ८० मीटर पाइपलाइन बदलणे, बंधित निधी, पाणीपुरवठा.’ खाली सूचक, अनुमोदक. अंदाजपत्रक आलं, तांत्रिक मान्यताही मिळाली. जागा, माप आणि निधीचं शीर्ष ठरावात असलं की ‘त्रुटी’ काढायला फारसं काही उरत नाही. फाइल दिली की आवक क्रमांक घ्या आणि पोहोच स्वतःच्या पिशवीत ठेवा.

राहिली सही. पैसे सुटतात ते सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डिजिटल सहीनं. पुष्कळ गावांत सरपंचबाईंचं डोंगल, म्हणजे ही सही असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, नवऱ्याच्या खिशात असतो, नाहीतर ग्रामसेवकाच्या बॅगेत. ग्रामसेवकालाही दोन-तीन गावं सांभाळायची असतात, त्याची घाई खोटी नसते. तरी डोंगल देऊ नका. माझं घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचं.

त्या पाइपलाइनचं बिल निघालं तेव्हा मी बागेत होते. ग्रामसेवकाचा फोन आला, “ताई, तुम्ही कशाला येता, डोंगल तेवढं पाठवून द्या.”

“भाऊसाहेब, डोंगल येईल, पण माझ्याबरोबर.”

हात धुऊन गेले, बिल वाचलं. बिलात पाइप १२० मीटर लावला होता. मी ठरावाची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.