प्रदूषित जमिनीच्या तपासणीसाठी सरकारी निधी मागताना या चुका टाळा

नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी अनेक आता बंद झाले असून त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञान कंपन्या, गोदामे आणि निवासी संकुले आली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले होते आणि ७० च्या वरची क्षेत्रे अतिप्रदूषित मानली गेली होती. हा आकडा हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित असल्यामुळे एखाद्या भूखंडाखाली नेमके काय मुरले आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी भूखंडनिहाय तपासणीच लागते.

चुकीच्या दारात अर्ज

प्रदूषित स्थळांसाठी जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार संशयित स्थळांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन तयार करते, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक पडताळणी करते आणि गरज वाटल्यास पुढील ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण होते. म्हणून अर्ज महापालिका आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करावा आणि त्याची प्रत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्यावी. अर्जात भूखंड क्रमांक, तेथील उत्पादन आणि पूर्वीच्या तक्रारी नसतील, तर ‘परिसर प्रदूषित आहे’ एवढ्या वाक्यावर कोणीही हलत नाही, आणि हलू नयेही. केवळ शहरी कचऱ्याचे जुने डोंगर या नियमांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी स्वच्छ भारत अभियान, नागरी २.० हा वेगळा मार्ग आहे.

तपासणी आणि सफाई एकाच प्रस्तावात

किती घनमीटर माती बिघडली आहे हे माहीत नसताना सफाईचा खर्च मांडणे म्हणजे अंदाजपत्रकाला अंदाजाचा आधार देणे होय. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडूनही पडीक औद्योगिक जमिनींच्या मूल्यांकनासाठी वेगळे आणि सफाईसाठी वेगळे अनुदान दिले जाते. आपल्याकडे आणखी एक अट आहे: प्रदूषण करणारा सापडला तर खर्च त्याचा, आणि तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तरच सरकारचा. एमआयडीसीचे भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात व प्रत्येक हस्तांतरणाची नोंद भूखंडाच्या फायलीत असते. ही साखळी आधी न जुळवता निधी मागितल्यास प्रस्ताव पहिल्याच शेऱ्यानिशी परत येण्याची शक्यता मोठी असते.

कागद वाचण्याआधी बोअर मारणे

सर्वाधिक पैसा येथे वाया जातो. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या जुन्या संमतीपत्रात उत्पादनांची नावे आणि घातक कचऱ्याचे प्रकार असतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कारखान्याचे मंजूर नकाशे असतात. जुन्या उपग्रह छायाचित्रांत टाक्या आणि सांडपाण्याचे खड्डे दिसू शकतात. याखेरीज निवृत्त कामगारांशी बोलावे, कारण पिंपे कोणत्या भिंतीमागे रिकामी होत होती हे नकाशावर नसते. एवढे झाल्यावर कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या रसायनासाठी नमुना घ्यायचा हे बरेचसे ठरलेले असते. त्याऐवजी भूखंडावर समान अंतरावर चौकटी आखून सगळीकडे एकच ठरावीक यादी तपासली, तर अहवाल जाड होतो आणि उत्तर मिळत नाही.

खाडीकडच्या अनेक भूखंडांवर बाहेरून आणलेल्या मुरुमाचा भराव आहे. वरच्या अर्ध्या मीटरचा नमुना घेतला तर तपासणी त्या मुरुमाची होते, कारखान्याच्या जमिनीची नव्हे. भरावाखालील मूळ मातीपर्यंत जाणे आणि भूजल वेगळे तपासणे आवश्यक आहे. डोंगराकडे बेसाल्टच्या भेगांतून पाणी अनपेक्षित दिशेने जाते, तर खाडीजवळ भरती-ओहोटीचा परिणाम होतो. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावके पाण्याहून जड असल्यामुळे खाली बसतात आणि पेट्रोलजन्य पदार्थ वर तरंगतात, त्यामुळे एकाच खोलीवरचा नमुना फसवू शकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा नमुने घेण्याची तरतूद प्रस्तावातच करावी, अन्यथा दुसऱ्या फेरीसाठी पैसे उरत नाहीत.

अहवालातील गोंधळ

क्रोमियम, निकेल आणि तांबे जास्त आढळले म्हणून घाबरू नये, कारण दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत हे धातू मुळातच बऱ्यापैकी असतात. परदेशी मर्यादांशी थेट तुलना करण्याआधी त्याच भूरचनेतील, कारखान्यापासून दूरच्या जमिनीचे नमुने घ्यावेत, आणि एकूण क्रोमियमबरोबर षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियम-६) स्वतंत्रपणे मोजावे. विषारीपणाचा खरा प्रश्न या दुसऱ्याचा आहे.

याउलट ‘काही आढळले नाही’ असा शेरा आल्यास लगेच समाधान मानू नये. ज्या घटकाची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, तो प्रयोगशाळा लिटरमागे १० पासूनच मोजू शकत असेल, तर त्या शेऱ्याला अर्थ नाही. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी पाण्याची बाटली काठोकाठ भरली होती का, नमुने थंड पेटीतून नेले होते का आणि हाताळणीची नोंद सलग आहे का, हे विचारावे. प्रयोगशाळेला एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असणे पुरेसे नाही. ती मान्यता नेमक्या त्या घटकासाठी आणि माती की पाणी यांपैकी कशासाठी आहे, हे मान्यतेच्या परिशिष्टात पाहावे. यांपैकी एक जरी उत्तर नकारार्थी आले, तर अंतिम देयक मंजूर होण्यापूर्वीच फेरनमुन्यांची लेखी मागणी करावी, कारण देयक अदा झाल्यावर सल्लागाराला पुन्हा जागेवर आणणे कठीण होते.